समोरच्या खुर्चीतली मावशी

माझ्या मावशीचा चेहरा कुणाच्याच लक्षात राहत नसे. दिसायला ती वाईट होती असं नाही, फार चांगली होती असंही नाही. नजर तिच्यावरून घसरायची, एवढंच. ज्या दुकानातून तिने वीस वर्षं साबण आणि तेल आणलं, तिथला दुकानदार दर दोन-तीन महिन्यांनी विचारायचा, "नवीन राहायला आलात का इकडे?" घरातल्या फोटोंत माणसं मोजताना नेहमी एक कमी भरायचं. ते एक म्हणजे मावशी. माझी आई, म्हणजे तिची धाकटी बहीण, म्हणायची, "हिला घेऊन चोरी करायला जावं. साक्षीदार शपथेवर सांगतील, तिथे कोणीच नव्हतं म्हणून." मावशी यावर खळखळून हसायची. तिला त्याचं काही वाटत नसावं, असं आम्ही धरून चाललो होतो.

तिने लग्न केलं नाही. आमच्याच घरात मागच्या खोलीत राहायची आणि सरकारी दवाखान्याच्या रेकॉर्ड खोलीत काम करायची. खोली तळघरात. छतापर्यंत मांडण्या, त्यांवर सुतळीने बांधलेले केसपेपरचे गठ्ठे, आणि पुढच्या भिंतीत कागद द्यायची एक खिडकी. त्या खिडकीशी येणारी माणसं बहुतेक घाबरलेली असत. कुणाला ऑपरेशनसाठी जुना कागद ताबडतोब हवा असे, कुणाला आपल्या माणसाचं नक्की काय झालं होतं ते दहा वर्षांनी वाचायचं असे. मावशी प्रत्येकाला एकच सांगायची, "बसा. घाई नाही." आणि खरोखरच घाई न करता, पण न चुकता, तो कागद काढून द्यायची.

त्याच दवाखान्यात दुसऱ्या मजल्याच्या टोकाला मनोविकार विभाग होता. विभाग म्हणजे एक खोली, एक टेबल आणि एक तरुण डॉक्टरीणबाई. त्यांच्याकडे माणसांची धास्ती घेतलेले पुष्कळ रुग्ण होते. चार लोकांत बसलं की घाम फुटायचा, छाती धडधडायची, मग हळूहळू घराबाहेर पडणंच बंद व्हायचं. अशा माणसाला थोडं थोडं करून पुन्हा माणसांत बसवणं, हा त्यावरचा उपचार. मोठ्या शहरातल्या इस्पितळात त्यासाठी व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचं यंत्र होतं. डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवायचा, की आपण गर्दीत बसलोय असं दिसतं. मान वळवावी तिकडे माणसं. पण त्या यंत्रासाठी आठ महिन्यांची रांग, आणि शहर चार तासांवर. डॉक्टरीणबाई वैतागून म्हणायच्या, "बसमध्ये बसायची भीती घालवायला आधी चार तास बसमध्ये बसून जायचं!" त्यातूनही एक जण जाऊन आला तो म्हणाला, "त्या चष्म्यातली माणसं चकचकीत आहेत हो. मला त्यांची भीतीच वाटली नाही. मला भीती वाटते ती आपल्या इथल्या माणसांची."

तेव्हा डॉक्टरीणबाईंनी स्वतःच हे काम अंगावर घेतलं. चहूबाजूंनी एकदम चित्रण करणारा एक छोटा कॅमेरा कुठूनतरी वापरलेला मिळवला. मोबाइल आत सरकवून वापरता येतील असे साधे चष्मे मागवले. आणि एका रविवारी, दवाखाना बंद असताना, खालच्या प्रतीक्षालयात दवाखान्यातलीच माणसं खुर्च्यांवर बसवून बारा मिनिटांचं चित्रण केलं. सफाईवाले मामा पेपर वाचत होते, औषधं देणारे गृहस्थ जांभया देत होते, दोन नर्सा आपसांत बोलत होत्या. समोरच्या खुर्चीवर बसणाऱ्या बाई ऐनवेळी आजारी पडल्या म्हणून तळघरातून मावशीला बोलावून आणलं. कुणाला तरी ती आठवली, याचंच आईला नवल वाटलं.

"तुम्ही फक्त बसायचं," डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं. "अधूनमधून इकडे, या कॅमेऱ्याकडे बघायचं. हसायचं नाही, रागवायचं नाही. नुसतं बघायचं."

मावशी निळा स्वेटर घालून, हात मांडीवर ठेवून बारा मिनिटं बसली. डॉक्टरीणबाईंनी नंतर मला सांगितलं, की बाकीचे सगळे त्या कॅमेऱ्याकडे कॅमेऱ्याकडे बघावं तसंच बघत होते. एकटी मावशी तिथे माणूस बसलंय असं बघत होती. त्यांनी तिला विचारलंही, "कोण बसलंय असं समजून बघितलंत?"

"समजायचं काय त्यात," मावशी म्हणाली. "होतं की कोणीतरी. चेहरा तेवढा दिसला नाही."

त्या हसल्या. मावशीही हसली आणि परत तळघरात गेली.

पहिला प्रकार घडला तो साधारण तीन महिन्यांनी. मी आणि मावशी सकाळी भाजी घेत होतो. एक पन्नाशीचा माणूस समोरून आला, मावशीला बघून जागच्या जागी थबकला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मग त्याने पिशवी खाली ठेवली, एक हात पोटावर ठेवला आणि सावकाश श्वास घ्यायला लागला. आत, बाहेर, आत, बाहेर. नजर मावशीवरून हलली नाही. मिनिटभराने त्याने पिशवी उचलली, मान लववली आणि निघून गेला.

"ओळखीचा होता?" मी विचारलं.

"नाही गं. पण त्याने मला ओळखलं." हे सांगताना ती चक्क खूश दिसत होती.

मग असं वरचेवर व्हायला लागलं. बसमध्ये एक बाई आपली जागा सोडून उठली आणि मुद्दाम मावशीच्या समोर येऊन बसली. उतरेपर्यंत बघत राहिली. एक तरुण तिला पाहून गल्लीच्या तोंडाशीच वळला आणि पळत सुटला. बँकेत एक आजोबा तिला म्हणाले, "आज निळा स्वेटर नाही घातलात?" तिथेही ती रांगेत उभी होती, कुणाशी बोललेली नव्हती.

डॉक्टरीणबाईंना विचारलं तेव्हा उलगडा झाला. उपचार लागू पडत होता. इतका, की त्यांनी ते चित्रण जो मागेल त्या दवाखान्याला फुकट देऊन टाकलं होतं. एकेचाळीस ठिकाणी ते चालू होतं. मोबाइल आणि एक साधा चष्मा असला की झालं. घरोघरी जाणाऱ्या नर्सा तो पिशवीत घालून न्यायच्या. ज्यांना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं त्यांच्या घरात प्रतीक्षालय जायला लागलं, आणि त्या प्रतीक्षालयाबरोबर मावशी. आठवड्यातून तीनदा, बारा बारा मिनिटं, शेकडो माणसं तिच्यासमोर बसत होती.

"तुमची सही घेतली होती मी," डॉक्टरीणबाई जरा ओशाळून म्हणाल्या. "पण एवढं पसरेल असं मलाही वाटलं नव्हतं. नको असेल तर थांबवते."

"लोकांना बरं वाटतंय ना?" मावशीने विचारलं.

"वाटतंय."

"मग राहू द्या."

तिची भीती सुरू झाली ती चपलांच्या दुकानात. ती बाकावर बसून चप्पल घालून बघत होती. समोर एक अनोळखी मुलगा, कॉलेजातला असेल, आपल्या बहिणीबरोबर बसला होता. मावशीने कपाळावर आलेली केसांची बट कानामागे सारली. त्या मुलाने अगदी हळू, स्वतःशीच म्हटलं, "चौथं मिनिट."

मी ते ऐकलं. मावशीनेही ऐकलं. तिचा हात कानापाशीच राहिला. चित्रणात चौथ्या मिनिटाला ती हेच करते, हे आम्हाला नंतर कळलं. सातव्या मिनिटाला ती खाली बघते. नवव्याला अंगठ्याने दुसरा अंगठा चोळते. त्या मुलाला हे सगळं पाठ होतं. तिच्या अंगाची जी सवय तिला स्वतःला ठाऊक नव्हती, ती परक्यांना मिनिटासकट ठाऊक होती.

त्या दिवसापासून तिने केस आवळून बांधायला सुरुवात केली. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. तिच्यासाठी जाड काळ्या फ्रेमचा, बिननंबरी काचांचा चष्मा करून आणला. तो घालून ती आरशासमोर उभी राहिली. "आता?" तिने विचारलं. मी म्हटलं, "आता आईसुद्धा ओळखणार नाही." आईने लगेच ओळखलं, आणि दुसऱ्या दिवशी पोस्टातल्या एका बाईनेही ओळखलं. ती बाई नुसती म्हणाली, "बरं झालं, चष्मा केलात. तुम्हाला लांबचं दिसत नाही असं मला वाटायचंच. तुम्ही माझ्या मागे बघायच्यात."

याच्या पुढची गोष्ट डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बोलावून सांगितली. त्या दिवशी त्या नेहमीसारख्या बोलत नव्हत्या. शब्द तोलून तोलून टाकत होत्या. तीन रुग्णांनी, वेगवेगळ्या गावांत, एकमेकांची ओळख नसताना, एकच गोष्ट सांगितली होती. समोरच्या बाई शेवटी काहीतरी बोलतात.

"काय बोलतात?" आईने विचारलं.

"बसा. घाई नाही."

आईने मावशीकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी टेबलावरचा मोबाइल उचलला. "मी आवाज पुन्हा पुन्हा ऐकला. पंख्याची घरघर आहे, पेपरची सळसळ आहे, नर्सांचं बोलणं आहे. हे शब्द नाहीत. चित्र मोठं करून पाहिलं. ओठ मिटलेले आहेत, पहिल्यापासून शेवटपर्यंत." मग त्या मावशीला म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल्या होतात का?"

"तोंडाने नाही," मावशी म्हणाली.

"म्हणजे?"

"मनात म्हणत होते. समोर कोणी घाबरलेलं असलं की म्हणतेच मी."

डॉक्टरीणबाई मोबाइल खाली ठेवत म्हणाल्या, की माणसाच्या नजरेवरून मन पुष्कळ काही ओळखतं, त्यालाच शब्द फुटत असतील. पण त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसलेला दिसला नाही.

"मला बघायचंय," मावशी म्हणाली.

तोवर तिने ते चित्रण एकदाही पाहिलं नव्हतं. त्यांनी तिला तिथेच खुर्चीवर बसवलं आणि चष्मा चढवला. मी बाजूला उभी होते. खोलीत सकाळचं ऊन होतं, खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, आणि माझी मावशी माझ्यापासून हातभर अंतरावर बसून स्वतःकडे बघत होती. चौथ्या मिनिटाला तिचा हात उचलला गेला नाही. ती दगडासारखी बसली होती. मधेच चष्म्याखालून एक थेंब गालावरून ओघळला. मी पुढे झाले तर डॉक्टरीणबाईंनी मला मानेनेच थांबवलं. बारा मिनिटं झाली, तरी मावशीने चष्मा काढायला आणखी थोडा वेळ घेतला.

"काय झालं?" मी विचारलं.

"माझ्याकडे इतका वेळ कोणी बघितलंच नव्हतं गं," ती म्हणाली.

घरी येताना तिने आणखी एक सांगितलं. बारा मिनिटं संपल्यावर काळोख होतो, पण ती बाई उठून जात नाही. ती आहे तिथेच असते. "ती बोलली का काही?" मी विचारलं. मावशी पुढे चालायला लागली. त्या रात्रीपासून तिच्या खोलीतल्या आरशावर टॉवेल टाकलेला असायचा. आईने दोनदा काढला, दोन्ही वेळा तो परत आला. मग आईने नाद सोडला.

पुढच्याच महिन्यात एक बाई नर्सकडून पत्ता घेऊन आमच्या घरी आल्या. लोकांचे कपडे शिवून देणाऱ्या होत्या. बोटांना सुयांचे डाग, ब्लाउजला दोन टाचण्या टोचलेल्या तशाच. त्यांची तीस वर्षांची मुलगी चार वर्षांत घराबाहेर पडली नव्हती. नर्स चष्मा घेऊन यायला लागल्यापासून ती सुधारली. जेवायला लागली, बोलायला लागली. म्हणून नर्सने चष्मा तिच्याकडेच ठेवला. आणि आता ती तो काढतच नव्हती. सकाळी उठल्यापासून प्रतीक्षालयात जाऊन बसायची. बारा मिनिटं संपली की पुन्हा पहिल्यापासून. दिवसाला आठ-नऊ तास.

"मी हाक मारली तर म्हणते, थांब, मावशी समोर आहेत," त्या बाई म्हणाल्या. "तिची मावशी नाहीये हो कोणी. तुम्हालाच म्हणते. मी आई आहे, पण माझं ऐकत नाही. तुमचं ऐकेल. तुम्ही येऊन तिला एवढंच सांगा, की ऊठ."

आईने डोळ्यांनी नको नको म्हणून खुणावलं. मावशी चपला घालत होती. वाटेत मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, मीही निघते, पण मावशींना आधी जाऊ दे.

चौथ्या मजल्यावरचं घर. शिलाई मशीन, कापडाचे तुकडे, आतल्या खोलीत भर दुपारी ओढलेले पडदे. मुलगी खुर्चीवर ताठ बसली होती, डोळ्यांवर काळा चष्मा, हात मांडीवर. मावशी बसते तसेच.

"अगं, त्या बाई आल्यात," तिची आई दारातून म्हणाली.

"माहितीय," मुलगी म्हणाली. "समोरच बसल्यात."

खोलीत समोर काहीच नव्हतं, नुसती भिंत. मावशीने बाहेरून एक स्टूल आणलं, त्या भिंतीशी ठेवलं आणि त्यावर बसली. बोलली काहीच नाही. बसून राहिली. मी दारात उभी, त्या बाई माझ्या मागे. त्यांचा श्वास माझ्या मानेला लागत होता. मुलगी तिथल्या मावशीकडे बघत होती आणि इथली मावशी मुलीकडे. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग मावशीने आवळून बांधलेल्या केसांतली एक बट सोडवली आणि कानामागे सारली. स्वेटरची बाही तिच्याच खांद्याला घासली.

मुलीने मान किंचित वाकडी केली. "आवाज आला," ती म्हणाली. "तिथे याचा आवाज येत नाही."

"इथे येतो," मावशी म्हणाली.

मुलगी इतकी दचकली की खुर्ची मागे सरकली. "तुम्ही इथे आहात?"

"आहे."

"मग तिथे कोण आहे?"

तिची आई माझ्या मागे मुसमुसायला लागली. मावशी मात्र शांत होती. रेकॉर्ड खोलीच्या खिडकीतून कुणाशी बोलावं तसं तिने सांगितलं, "तिथेही मीच आहे. पण तिला उठता येत नाही. मला येतं." आणि ती उठली. स्टूल करकरलं. ती चालत मुलीपर्यंत गेली, तिच्या खांद्यावर हात ठेवला. मुलीने दोन्ही हातांनी चष्मा ओढून काढला. डोळ्यांभोवती लाल वळ उठले होते. तिने मावशीकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलली, "तुम्ही म्हाताऱ्या दिसता."

"दोन वर्षं झाली त्याला," मावशी म्हणाली. "चल, जिना दाखव मला तुमचा. येताना फार उंच वाटला."

त्या दिवशी दोघी चार पायऱ्या उतरल्या आणि चार चढल्या. डॉक्टरीणबाई धापा टाकत वर आल्या तेव्हा या दोघी पायरीवरच बसल्या होत्या. पुढच्या आठवड्यात एक मजला. दीड महिन्याने ती मुलगी आईचा हात धरून दवाखान्यात आली, प्रतीक्षालयाच्या दारात उभी राहिली, आणि खऱ्या खुर्च्या बघून परत फिरली. त्याच्या पुढच्या खेपेला आत आली. आता ती एका छापखान्यात मजकूर जुळवते. ये-जा बसने करते.

डॉक्टरीणबाईंनी नियम केला, की चष्मा कुणाच्याही घरी ठेवायचा नाही, आणि उपचाराची शेवटची पायरी चष्म्यातली नसेल. मावशी निवृत्त झाल्यावर ती शेवटची पायरी तीच झाली. बुधवारी आणि शनिवारी सकाळी ती खालच्या प्रतीक्षालयात जाऊन बसते. चष्म्यातली बारा मिनिटं ज्यांना जमली, ते तिच्यासमोर येऊन बसतात. काही जण दोन मिनिटांत उठतात. काही जण तासभर बसतात. लांबून येणारेही आहेत. आईला हे अजून आवडत नाही. तिचं म्हणणं, बहिणीला कुणीतरी उसनं नेलंय आणि पुरतं परत करत नाहीये. मावशी घरी असली की जेवताना भिंतीकडे तोंड करून बसते. समोर कोणी नको असतं तिला. आम्ही बोलायचं ते तिच्या पाठीशी बोलतो, ती हो-नाही करते, हसतेसुद्धा.

मागच्या शनिवारी तिला आणायला मी दवाखान्यात गेले. साडेअकरा झाले असतील. मावशी खुर्चीवर होती, समोर पाच माणसं. पाचही जणांचा श्वास एकाच लयीत चालला होता, खांदे एकदम वर येत, एकदम खाली जात. मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले आणि हात हलवला. मावशीने माझ्याकडे पाहिलं. नजर माझ्यावर होती, पण ती मला ओळखत नव्हती. भीती वाटावी इतकी माया होती त्या नजरेत, आणि ती माझ्यासाठी नव्हती. जो कोणी तिथे उभा असेल त्याच्यासाठी होती. मला कळलं तेव्हा माझाही श्वास त्यांच्यात मिसळला होता. मी स्वतःला मुद्दाम खोकायला लावलं.

"अगं, कधी आलीस?" मावशी भानावर येऊन म्हणाली.

तिने पिशवी घेतली, त्या पाच जणांचा निरोप घेतला, आणि आम्ही बाहेर पडलो. वाटेत तिला इस्त्रीचे कपडे घ्यायचे होते, आईच्या गुडघ्याचं मलम घ्यायचं होतं. ती भराभर चालत होती, मला मागे टाकून. फुटपाथवरून येणारी दोन माणसं तिला बघून बाजूला झाली. तिने त्यांना ओळखलं नाही, आणि त्यांनी तिला ओळखलं की नुसतीच वाट दिली, ते मला त्यांच्या तोंडावरून समजलं नाही.